ताप आला कुठून?

जावामधल्या आमच्या गावच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांनी लुंगीसारखं सारोंग अंगभर गुंडाळलं होतं आणि आजी तणतणत होत्या.

“तरी सांगत होते, तिन्हीसांजेला गार पाण्यानं आंघोळ करू नका. शिरलं ना वारं अंगात!”

“अगं सारिंतेन, वारं नाही शिरलं.”

“मग वारं काढायला पाठीवर नाणं घासलं तेव्हा एवढ्या लाल रेघा कशा उठल्या?”

“तू घासलंस म्हणून उठल्या! मला उताणं झोपता येईना.”

“मग ताप आला कुठून?”

“लारासला सर्दी आहे ना...”

“तिला जवळ घेऊ नका म्हणून लेकीनं बजावलं होतं तुम्हाला!”

“घेतलं. दुपारभर छातीवर निजली. नात पहिल्यांदा ‘आजोबा’ म्हणाली मला, मी काय तिचं नाक बघत बसू?”

तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि त्यांनी आजोबांना तपासलं.

“विषाणूचा ताप आहे. आराम करा, पाणी भरपूर प्या, मऊ भात खा. अंग फार तापलं तर ही गोळी घ्या. तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच या. आणि घरात जे धडधाकट आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.”

“म्हणजे नात चालेल! ती आजारीच आहे.”

“चालेल,” नर्सबाई हसल्या.

“आणि मी?” आजींनी विचारलं.

“तुम्ही लांब राहायचं.”

“छे! बाई, माझाही घसा बघा. सकाळपासून खवखवतोय.”

आजींनी भला मोठा आ केला.

“घसा अगदी छान आहे, आजी.”

“नीट बघा हो. काहीतरी सापडेल.”