कोटाच्या घडीतली साडी

मांडव्याच्या जेट्टीवर भावनाताई बोटीची वाट पाहत बसल्या होत्या. बुवांच्या कीर्तनाला मुंबईला निघालेल्या, हातात माळ. पण कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे.

"पिशवी आडवीच धरा. आपली सुचिता उद्या पदवी घेणार, आन् बापाचा कोट चुरगळलेला!"

"तू पिशवीत ठेवलायस कसा?"

"उलटा करून खांद्यात खांदा बसवला, घडीत मऊ साडी ठेवली. चुणी पडायची न्हाय."

"कंची साडी?"

"हाय एक."

"बघू... अगं जने, ही सुचितानं तुला आणलेली! एकदा तरी नेसलीस?"

"मऊ हाय म्हणून घडीत ठेवली. तुम्ही एकटंच जावा. पाणी बघून माझ्या पोटात गोळा येतो."

"मग उद्या मी कोट घातल्यावर ही साडी काय पिशवीला नेसवू?"

"अवो, लोक ऐकतायत."

"ऐकू दे. डोळं मीट, माझा हात धर, देवाचं नाव घे."

"आन् ओकारी आली तर?"

"कोट हाय की."

"कोटाला हात लावाल तर बघा!"

"म्हंजे येतेस?"

"...तिकीट काढा."

बोट लागली. भावनाताईंनी माळ पिशवीत ठेवली, लगबगीनं आत शिरल्या आणि पाणी दिसणार नाही अशा मधल्या बाकावर दोन जागा धरल्या.