पाटील साहेबांचा अंदाज

—नाही नाही, त्या खुर्चीवर नका, तिचा पाय डुगडुगतो, इकडे पलंगावर बसा. आणि आवाज जरा हळू ठेवा नवनीतभाऊ, साहेब आत झोपलेत. झोपलेत म्हणजे – आडवे झालेत. काविळीत अशक्तपणा राहतोच की नाही? राहतो. सोमवारी येतील ते साईटवर, तसं सांगा कंपनीत. एवढ्या उन्हात तापीच्या पुलापासून म्हसावदपर्यंत आलात तुम्ही, एक फोन केला असता तरी चाललं असतं – हो, लागत नाही, ते खरं. मीच बंद करून ठेवलाय. आजारी माणसाला कशाला कटकट? दिवसभर कोणी ना कोणी विचारणार, पाटील साहेब, ह्या भिंतीला किती माल लागेल, त्या खांबाला किती लागेल. तुमच्याकडे कुणालाच बेरीज येत नाही का हो? चेष्टा करते. चेष्टा करायचीही सवय गेली ह्या घरात.

तुमचं नाव फार घ्यायचे हे. 'नवनीतला आकार दिसतो', म्हणायचे. बाकीच्यांना काय दिसतं, मला कळायचं नाही – भिंत ती भिंत, खांब तो खांब. पण ह्यांचं वेगळंच. लग्न झालं की लोक बायकोला सप्तशृंगीला घेऊन जातात, हे मला धरणाची भिंत दाखवायला घेऊन गेले. खरंच सांगते. भर उन्हात उभी केली मला नव्या साडीत, आणि म्हणतात, प्रमिला, सांग बरं ही केवढी? मी म्हटलं, केवढी म्हणजे – केवढी तरी! हसले. मग बोटानं हवेतच कापली ती भिंत. वर निमुळती ना, खाली रुंद – हा इकडचा तिरका तुकडा काढ, उलटा कर, तिकडच्या तिरक्या तुकड्यावर ठेव, झाला की नाही चौकोन? चौकोन आला की आपल्या बापाचा. लांबी, रुंदी, उंची – गुणायचं आणि मोकळं व्हायचं. कुठलाही आकार असो, घाबरायचं नाही, तोडून तोडून ओळखीचा करायचा. मी त्या दिवशी माणूस बघून घेतला, भिंत नाही बघितली. सासूबाई म्हणाल्या, देवदर्शन झालं का? हे म्हणाले, झालं.

आणि ती मापं, वाटे! एक वाटा सिमेंट, दीड वाटा वाळू, तीन वाटे खडी. मला वाटायचं, साडेपाच टोपल्या टाकल्या तर साडेपाच टोपल्याच निघणार – निघतात का? नाही निघत. खडीच्या फटीत वाळू शिरते, वाळूच्या फटीत सिमेंट, वरून पाणी पडलं की सगळं खाली बसतं. म्हणून ओलं शंभर हवं असेल तर कोरडं दीडशेच्या वर धर. हे तर आमच्या लेकीला, काजलला, दुसरीत असल्यापासून पाठ. पोरी पाढे म्हणायच्या, आमची हे म्हणायची. हसू नका, खरंच.

आणि तेच विसरावं माणसानं? – तुम्ही होतात तिथे, तुम्हाला काय सांगायचं. खांबाचा पाया भरायचा, ह्यांनी आकडा दिला, आणि पाटील साहेबांचा आकडा कोण तपासणार? जेवढं ओलं हवं तेवढंच कोरडं मागवलं. खड्डा अर्धा-पाऊण भरला आणि वाळू संपली, खडी संपली. गाड्या येईपर्यंत खालचा थर आवळून कडक झाला, वरचा त्याला धरेना, सगळं फोडायला लागलं – हो ना? मला काय माहीत होणार, ह्यांनी नाही सांगितलं, तुमच्या ड्रायव्हरच्या बायकोनं सांगितलं बाजारात, चार माणसांत. पण घरी काय झालं ते तुम्हाला नाही माहीत. हे आले, बूट तसेच, सिमेंटनं माखलेले, अंगणात बसले. मला म्हणतात, 'प्रमिला, आकडा ते बरोबर व्हता. मंग माल कथा गया?' मी म्हटलं, चोरला असेल कुणी. मान हलवली. रात्री जेवताना परत तेच – माल गेला कुठे? सकाळी परत. मी म्हटलं, अहो, ओलं झालं की बसतं ना, तुम्हीच शिकवलंत. तर माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी काही नवीनच सांगितलं. म्हणाले, 'आसं शे का?'

– डोळे? डोळे पिवळे नाहीत आता, उतरले. सुरतेच्या डॉक्टरांनी गोळ्या – काविळीला सुरतेला कशाला नेतील, असंच ना मनात आलं? बोलून बसले बघा मी. कावीळ-बिवीळ काही नाही नवनीतभाऊ. डोक्याचा फोटो काढला तिथे. डॉक्टर गुजराती, चांगला होता बिचारा, हळूहळू हिंदीत सांगत होता – मेंदू आतून आकसत चाललाय. वय नाही हो तसं, पण होतं म्हणे कुणाकुणाला. गोळ्यांनी थांबतं का? वेग कमी होतो. कदाचित. थांबत नाही. मी तीनदा विचारलं, त्यानं तीनदा तेच सांगितलं.

काजलनं परवा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसमोर उभं केलं त्यांना. म्हणाली, पप्पा, ह्यात पाणी किती मावेल, काढा ना. खडू दिला. ह्यांनी खाली एक गोल काढला – इतका सुंदर गोल, हाताला अजून सगळं येतं – मधोमध ठिपका दिला, ठिपक्यापासून कडेपर्यंत रेघ ओढली, आणि पोरीकडे बघून म्हणाले, मग? ती म्हणाली, मग तुम्हीच सांगा पप्पा. तर परत, मग? ती तिथून उठून खाली आली, आणि मोरीत नळ मोठा सोडून बसली.

मी काय म्हणत होते – सोमवारी आणते मी त्यांना. ऐकून तरी घ्या. तिथे गेलं, मशीनचा आवाज आला, सिमेंटचा वास आला, तर येईल काही काही परत, येणार नाही का? रोज सकाळी शर्ट-पँट घालून दाराशी उभे राहतात, 'गाडी ऊनी का?' – आली का म्हणून विचारतात. मी रोज सांगते, आज सुट्टी शे. किती दिवस सुट्टी सांगू? तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा. आकडा तुम्ही काढा, बोलू द्या त्यांना. नाव त्यांचं राहील, काम तुमचं होईल, कुणाला कळतंय? – कळेल. हो. पूल आहे तो, माणसं जाणार वरून. मलाही समजतं.

– उठले वाटतं. अहो, दम धरा, मी येस तिकडे! – नाही, आलेच बघा. या, बठा आठे. कोन ऊना म्हंजे? नवनीत शे हाऊ, तुमना नवनीत. साईटवरना. नमस्कार नका करू हो त्याला, लहान शे तो तुमच्यापेक्षा. – बसा नवनीतभाऊ, उठू नका. तुम्ही ते मोबाईलवर चित्र आणलंय ना पुलाचं, दाखवा त्यांना. दाखवा हो, काही बिघडत नाही. मोठं करा बोटानं. हां. – बघा ना, त्या दोन्ही बाजूंच्या भिंती, तिरक्या. वर निमुळत्या, खाली रुंद. कशा कापायच्या, सांगा बरं त्याला. … बघतायत. बोट फिरवतायत बघा, नवनीतभाऊ, कडेकडेनं, बरोबर त्या तिरक्या रेघेवरून – बोलू नका, बोलू नका मध्ये …

काय? काय म्हनतस?

नही हो. घर नही. पूल शे तो.

… हो. चांगलं शे. कोनं घर शे, माले नही माहीत. हो, मोठं घर शे.

उठा नवनीतभाऊ. मोबाईल ठेवा खिशात. चहा राहू दे आता, दूधही नासलंय वाटतं. कंपनीत सोमवारचं काही बोलू नका, त्यांच्या जागी घ्या म्हणावं कुणालाही. नाही, पाया नका पडू त्यांच्या, घाबरतात ते. निघा तुम्ही. दार मी लावून घेते.