भोक कोणी बुजवलं?

व्यायामोपचाराच्या बाकावर माझ्या शेजारी म्हातारा गवंडी आणि त्याची बायको. दोघांत मिळून चालते हात तीन.

“अहो, बायबल वाचून दाखवतेय आणि तुम्ही खुशाल घोरताय! हात लुळा पडल्यापासून किती महिन्यांनी झोपलात!”

“ऐकली की सगळी गोष्ट. मित्रांनी छप्पर फोडून लुळ्याला येशूपुढे सोडला. येशू म्हणाला, ऊठ. तो उठला, खाट उचलून घरी गेला. पण छपराचं भोक कोणी बुजवलं?”

“गवंड्याला गोष्ट सांगायची सोयच नाही!”

“अगं, तो बरा झालेला लुळाच परत येऊन चढला असणार. हे उमगलं, आणि डोळा लागला.”

“बरं, मग?”

“आपल्या चर्चचं छप्पर गळतंय ना? पाद्रीबाबांना सांग, दुसरा गवंडी बघू नका.”

“आधी तुमचं बोट तर हलू दे!”

“हलेल गं. तू शिडी बघून ठेव.”