यादीतली एकशे बारावी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आमच्या वर्कशॉपचे मालक, व्यासपीठावर बसलेले, म्हणजे खरं तर आग्रहाने बसवलेले आमचे फोरमन, पार्ट्सच्या काउंटरवरच्या बाई, ऑफिसातली मंडळी, हाताला अजून ऑइल आहे म्हणून भिंतीला न टेकता उभे असलेले माझे मेकॅनिक मित्र, आणि शेवटच्या रांगेत बसलेली माझी लेक,

अध्यक्षांनी माझं इतकं कौतुक केलं की मध्येच मला वाटलं, हा गृहस्थ कोण, एकदा भेटायला हवं. 'एकोणीस वर्षांत रिकॉलच्या यादीतली एकही गाडी यांनी सुटू दिली नाही,' असं ते म्हणाले. मालक, क्षमा करा, पण हे खरं नाही. एक सुटली होती, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला हा पुष्पगुच्छ घरी नेता येणार नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. कंपनीला एखाद्या गाडीत दोष सापडला की यादी यायची आणि मी फोन लावायचो. मेकॅनिक म्हणायचे, काका उंटावरून शेळ्या हाकतात. हाकल्या, पण गोठ्यात आणल्या की नाही? फोन लावला की लोकांना आधी वाटायचं, मी काहीतरी विकतोय. मग दुरुस्ती फुकट आहे म्हटल्यावर तर खात्रीच पटायची! तरी मी तीनदा लावायचो. आणि माझा एक हट्ट होता. गाडीच्या मालकाने स्वतः तिच्यापाशी जाऊन काचेखालचा सतरा अक्षरांचा चॅसी नंबर वाचून दाखवल्याशिवाय मी बरोबरची खूण करत नसे. याला कारण होतं. सुरुवातीला एका मास्तरांनी 'हो हो, पत्र मिळालं' म्हणून सांगितलं आणि मी खूण केली. मास्तरांनी गाडी कधीच विकली होती. पत्र मास्तरांच्या टेबलावर, आणि दोष घेऊन पुढचे दोन महिने एक बेकरीवाला गावभर पाव पोचवत होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

आठ महिन्यांपूर्वी पॉवर स्टिअरिंगची यादी आली. तीनशे चाळीस गाड्या. स्टिअरिंगला मदत करणारी मोटर चालत्या गाडीत अचानक बंद पडू शकते, आणि मग चाक दगडासारखं जड होतं. सरळ रस्त्यावर निभावतं, वळणावर नाही. कितीतरी माणसं मला फोनवर म्हणाली, 'काका, चाक जड लागतं खरं, पण आता वय झालं.' मी प्रत्येकाला सांगितलं, तुमचे हात म्हातारे झालेले नाहीत, गाडी घेऊन या.

त्या यादीत एकशे बाराव्या ओळीवर माझ्या बायकोचं नाव होतं.

गाडी तिचीच. ती परिचारिका होती, ड्यूटीच्या वेळा विचित्र, म्हणून तिने गाडी घेतली, आणि मला चालवायलाही तिनेच शिकवलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. गाडी मी माझ्या नावावर केली नाही. तिचा मोबाइलही बंद केला नाही, रोज चार्जिंगला लावतो. का, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. त्या ओळीपुढे एक रकाना होता, 'मालकाची सद्यस्थिती'. तो भरायला माझा हात उठेना. मी लिहिलं, 'तीनदा फोन केला, संपर्क होऊ शकला नाही.' एकदाही केला नव्हता. एकोणीस वर्षांतली एवढीच खोटी नोंद, आणि ती स्वतःच्याच घरची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

त्यानंतर गल्लीच्या वळणावर दोनदा चाक जड झालं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडी बंद करून सुरू केली, गेला. मी काय म्हणालो असेन? वय झालं.

मग लेकीची बदली डोंगरातल्या गावी झाली. रस्ता सगळा वळणांचा, आणि मागच्या सीटवर माझी चार वर्षांची नात. लेक म्हणाली, 'बाबा, आईची गाडी मी नेऊ का?' मी म्हणालो, ने, माझा निरोप समारंभ झाला की ने. तेव्हाही मी बोललो नाही. सांगायचं तर तो रकाना भरावा लागणार होता. भ्याडपणाच म्हणायचा, मंडळी.

गेल्या मंगळवारी मी सगळ्या याद्या पार्ट्सच्या बाईंच्या हवाली केल्या. बाई माझ्याही वरताण, खूण नसलेली प्रत्येक ओळ पुन्हा लावणाऱ्या. बुधवारी माझी सुट्टी होती. दुपारी मी घरी एकटा जेवत होतो आणि कपाटावर तिचा फोन वाजला. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि मी, काय सांगू, स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, 'अगं, तुझा फोन.'

म्हणून झाल्यावर घर केवढं मोठं वाटलं, ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला. पलीकडून माझंच वाक्य, माझ्याच चालीत: 'नमस्कार, आपल्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगविषयी बोलायचं होतं.' मी म्हणालो, 'बाई, मी बोलतोय.' बाईंनी आवाज ओळखला. चुकून लागला म्हणून त्यांना ठेवता आला असता. पण त्या म्हणाल्या, 'काका, गाडीपाशी जा. नंबर वाचा.'

मी उष्ट्या हाताने खाली गेलो. काचेवरची धूळ पुसली. सतरा अक्षरं वाचली, त्यांनी एकेक परत म्हटली. मग त्यांनी विचारलं, 'सद्यस्थितीच्या रकान्यात काय लिहू?'

मी म्हणालो, 'वारल्या.'

तुम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. तुम्ही घरी येऊन गेला होता. पण माझ्या तोंडाने मी तो शब्द कुणापाशीच काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोरमननी मला गाडी चालवू दिली नाही, टो करून आणली. मोटरचा काढलेला कनेक्टर माझ्यासमोर ठेवला. एका बाजूने वितळून काळा पडला होता. आता नवीन युनिट बसलंय. वळणावर वळण घेऊन ते स्वतः तपासून आलेत.

बाळा, हे मी तुला घरी सांगायला हवं होतं. घरी समोर तू एकटीच असतेस, आणि तुझ्याकडे बघून मला बोलता येत नाही. म्हणून शंभर माणसांच्या आडून सांगतोय. तुझ्या नि पोरीच्या जिवापेक्षा मी एक रकाना मोठा मानला. मला माफ कर. किल्ली खिशात आहे, जाताना घे. गाडी तुझ्या नावावर करू, म्हणजे पत्र तुलाच येईल. आणि दर सहा महिन्यांनी तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघत जा. चाक जड होण्याची वाट बघू नकोस, आणि झालंच तर हातांना दोष देऊ नकोस.

अध्यक्षांचे, तुम्हा सर्वांचे आणि बाईंचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी घरचं गाऱ्हाणं मांडलं, बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर आपल्या माणसाचं म्हणून पोटात घाला.

बाई, एक शेवटची विनंती. एकशे बाराव्या ओळीवर आता बरोबरची खूण झाली. पण तिचा फोन नंबर यादीतून पुसू नका. उद्यापासून मी दिवसभर घरीच आहे. काही काम नसलं, तरी वर्षातून एकदा लावा. तीनदा लावावा लागणार नाही. पहिल्याच बेलला उचलेन.