आप्पांच्या नावानं चालणारं ऑफिस

आमचं मूळ मानदेशातलं, आटपाडीच्या बी पलीकडं, तिकडं पाऊस म्हंजे पावना, आला तर आला. वडलांची मेंढरं हुती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं नि कृष्णाकाठाला यायचं, उसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या रानाला खत नि आमच्या पोटाला दाणं. मी चौथीपतोर अशीच फिरत फिरत शिकले, मग आत्यानं मला रहिमतपूरला ठिवून घेतलं म्हनून बारावी झाले, न्हाईतर मी बी आज काठी घिऊन मेंढरांच्या मागंच असते. लगीन इकडं झालं, नवरा ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, मानूस बरा हाय, मला म्हनला काँप्युटरचा क्लास कर, म्हनून केला, नि त्या क्लासच्या सर्टिफिकेटवर साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात ठेक्यावर लागले. कारखान्याचं नाव नका लिवू. कऱ्हाड नि इस्लामपूरच्या मधी कुटंतरी हाय म्हना, तेवडं बास.

ठेक्यावर लागले त्याला चौदा वर्सं झाली बगा. पयलं नुसतं टायपिंग, मग कुनाचा प्रिंटर अडकला की शालन, कुनाचा माउस हलंना की शालन, असं करत करत सगळ्या ऑफिसच्या काँप्युटरचं माझ्याच गळ्यात पडलं. मला कोनी शिकवलं न्हाई, बगून बगून शिकले. पर्मनंट मातूर कोन करंना. आमचं हेडक्लार्क हुतं आप्पा, त्यांच्या हातात हुतं शिफारस करायचं, दर साली मी जायची नि दर साली आप्पा म्हनायचं, पुढच्या सालाला बगू. अकरा सालं पुढच्या सालाला बगितलं त्यांनी. मानूस कामाला वाघ, पन तोंड लय वाईट, चारचौघात मला म्हनायचं, मेंढरं वळायचं सोडून आली नि आता काँप्युटर वळतीया. लोक हसायची. मी बी हसायची, काय करनार.

तर ते आप्पा गेलं. हार्टअॅटॅक आला, वय काय लय न्हवतं, रिटायरला चार वर्सं हुती. आता ह्यात गंमत काय झाली सांगते, म्हंजे गंमत न्हवं, तितंच सगळं बिनसलं. आप्पांच्या नावानं काँप्युटर उघडला की उसाच्या नोंदीची फाईल समोरच यायची, उसतोडीच्या चिठ्ठीचा प्रिंटर बरोबर चालायचा, सगळं जिथल्या तिथं. म्हनून ते हुतं तवाच शेती विभागातली आठ मानसं त्यांच्याच नावानं आत जायची, पासवर्ड भितीवरच्या कॅलेंडरवर पेनानं लिवलेला. आप्पा गेल्यावर मी म्हनले, आता ह्ये नाव बंद करते. तर सगळी अंगावर आली. आवं शालनताई, तेरावं तरी हू दे, मेलेल्या मानसाचं नाव असं लगीच पुसत्यात व्हय. तेरावं झालं. मग म्हनली वर्सश्राद्ध हू दे. वर्सश्राद्ध बी झालं, मग कोनच काय बोललं न्हाई नि मी बी इसरले. दोन वर्सं मेलेला मानूस रोज सकाळी दहाला कामावर येत हुता.

आता तो सर्व्हर. कोपऱ्यातल्या खोलीत हुता, जुना, त्याच्यावर सगळ्यांचं सगळं. त्याचा एक लाल दिवा सा म्हैनं मिचमिचत हुता, मी तीनदा लिवून दिलं की एक डिस्क गेलीया, दुसरी गेली की संपलं. आमच्या ऑफिसचं साहेब म्हनलं, चालू हाय न्हवं, मग? खंडेनवमीला त्याला बी हळदकुंकू लावलं, हार घातला, आनि दसरा हून आठ दिवस झालं न्हाईत तवर बसला. लाईट गेली, आली, परत गेली, नि परत आली ती ह्याच्यावाचून. मोळी टाकायला, म्हंजे गळीत चालू व्हायला, पंदरा दिवस ऱ्हायलेलं. मग कुटं धावपळ, मग कुटं नवा सर्व्हर, नि पुन्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर आला ते बसवायला.

बरं, एक बरं हुतं, मी दर शनिवारी एका पेटीत, म्हंजे भायेरची डिस्क असती तिच्यात, सगळ्याची नक्कल काढून ठिवायची. हे कोनी मला सांगितलेलं न्हवतं. त्यामुळं माल सगळा हुता. आता नव्या सर्व्हरवर परत्येकाचं प्रोफाईल हलवायचं. प्रोफाईल म्हंजे काय, ज्याचं त्याचं बिऱ्हाड, तुमी नाव टाकून आत गेलासा की तुमच्या फायली, तुमचा प्रिंटर, तुमच्या नातवाचा फोटू, सगळं तुमच्या जागी मांडलेलं. ते एकेकाचं उचलून नव्या घरात मांडायचं. इंजिनिअर म्हनला, मॅडम, मला लिस्ट द्या, कोनाकोनाचं हलवायचं. मी मस्टर घेतलं. हजेरीचं मस्टर हो. वरनं खालपतोर सत्तावीस नावं उतरवून काढली नि दिली.

आलं ध्यानात? आप्पा मस्टरवर कुठनं असनार.

दोन दिवस बसून सत्तावीस बिऱ्हाडं हलवली आमी. शेती विभागातल्या त्या आठ जनांची बी हलवली, नि मला तवा कळलं पायजे हुतं, कारन त्यांच्यात कायच न्हवतं, रिकामी घरं, त्यांनी कवा आपल्या नावानं दारच उघडलेलं न्हवतं. मला वाटलं, बरं हाय, लवकर उरकतंय. दमलेवते हो मी, डोळ्यांची आग हुत हुती. इंजिनिअर म्हनला, परत्येक काँप्युटरवर जुन्या नकला पडल्यात त्या पुसूया, न्हाईतर गोंधळ घालत्यात. पुसल्या. मग म्हनला, ही तुमची पेटी नव्या सर्व्हरला लागंल, सगळं आलं असंल तर इथं सही करा, मी पेटी साफ करतो. मी सही केली. शालन, खाली तारीख. ती सही माझीच हाय, कोनी माझा हात धरून करून घेतली न्हाई.

सोमवारी सकाळी शेती विभागातलं बापू, जुनं क्लार्क, ते काँप्युटरम्होरं बसलं नि वराडलं, शालन, माझा आप्पा कुटं गेला? मी पळत जाऊन ती सत्तावीस नावांची यादी काढली, आप्पांचं नाव त्यात न्हवतंच.

त्या फायलीत काय हुतं तुमाला सांगते. उसाच्या लागनीच्या तारखा कारखान्याच्या सॉफ्टवेअरात बी हुत्या, पन नुसत्या तारखेवर उसाची तोड चालत न्हाई. कुनाच्या रानाला वाट न्हाई, म्होरल्याचा ऊस गेल्याबिगर गाडी शिरत न्हाई, कुनाचं रान पान्यात, कुनाची अदलाबदल ठरलेली, हे सगळं आप्पांनी नि त्यांच्या मागनं ह्या आठ जनांनी त्या एका फायलीत भरलेलं. तोडीचा खरा क्रम तितंच. तो गेला म्हंजे उसवाला दारात येऊन उभा ऱ्हानार, माझा नंबर कितवा. ऊस तुऱ्याला आला की वजन घटतं, मानूस मग ऐकून घेतो व्हय? डोस्की फुटत्यात आमच्याकडं तोडीवरनं.

इंजिनिअरनं हात वर केलं, म्हनला पेटी साफ झाली, आता काय मिळत न्हाई. मंगळवारी दुपारी साहेबांनी मला केबिनमदी बोलावलं. कागद टाईप करून तयार हुता. मयत कर्मचाऱ्यानं कार्यालयाची माहिती स्वतःच्या खाजगी नावावर ठिवली, कुनाकडं सुपूर्द केली न्हाई, त्यामुळं सदर नुकसान झालं. खाली दोन सह्यांची जागा, एक साहेबांची, एक माझी. साहेब वाईट मानूस न्हवं, मला म्हनलं, शालन, तुजं पर्मनंटचं वर गेलंय, संचालकांच्या येत्या मीटिंगला हून जाईल, आता ह्यात तुजं नाव आलं तर मी काय करू शकत न्हाई. मेलेल्या मानसाला काय फासावर देनार हायेत? कर सही.

कर सही. लय सोपं. पन त्याच मीटिंगला आप्पांच्या पोरीचा अर्ज हुता, बापाच्या जागी घ्या म्हनून. वैशाली म्हना तिला, खरं नाव नका लिवू. बी.ए. झालेली, आई दम्यानं आजारी, धाकटा भाऊ अजून शाळंत. चारच दिवस झालंवतं, वारसाचा दाखला द्यायला आलीवती, माझ्याच खुर्चीत बसून च्या पिऊन गेली, नि कप स्वतः धुऊन ठिवला. आनि त्या मीटिंगम्होरं कागद जानार की तिच्या बापानं कारखान्याचं नुकसान केलं. कोन घेईल मग तिला? मी साहेबांना म्हनले, साहेब, पोरीचं काय? साहेब म्हनलं, ते मग बगू. बगू म्हनलं की मला आप्पाच दिसलं म्होरं.

जेवून येते म्हनून उठले. डबा उघडला. आनि राग कुनाचा आला सांगू? आप्पांचाच. खोटं कशाला बोलू. मनात म्हनले, जितं हुतासा तवा अकरा वर्सं माझ्या वाटंत बसलासा, आता मेल्यावर बी उठत न्हाईसा व्हय. करते सही, माझं काय जातंय, मानूस कवा माझ्यासंगं चांगलं बोलला न्हाई. पन यादी मी केलीवती. सही मी केलीवती. आनि बाप काय बी असंल, पोरीनं माझं काय वाकडं केलंवतं?

मग टेबलाशी बसले नि हातानं कागद लिवला. यादी मी मस्टरवरनं केली, मयताच्या नावावर विभागाचं काम चालतं हे मला म्हाईत असून मी ते नाव घातलं न्हाई, पेटी साफ करायला मी सही दिली, चूक माझी. केबिनमदी गेले तर साहेब रागावत्याल नि फाडत्याल, म्हनून आदी आवक विभागात गेले, शिक्का मारून घेतला, नंबर पडला, नि मगच साहेबांच्या टेबलावर ठिवला. साहेबांनी वाचलं. म्हनलं, बाई, तुला कळतंय का काय केलंस ते? बरं, कोनकोनत्या काँप्युटरवरनं पुसलं त्याची यादी तरी दे, जोडावी लागंल.

मग ती यादी करत बसले. ह्या खोलीतलं पाच, त्या खोलीतलं चार, असं करत एकोणीस झालं. खरेदी रजिस्टरला वीस. परत मोजलं, परत एकोणीस. आनि एकदम आटवलं, गट ऑफिसचा! नदीपल्याड गट ऑफिस हाय, तितली नेटची लाईन पावसाळ्यात तुटलीवती, जून म्हैन्यापासनं तो काँप्युटर बंदच, आमी तो आणलाच न्हवता. नवऱ्याला फोन लावला, म्हनले असशील तसा ये. गाडीवर बसून गेलो. तितला चिटबॉय दत्तू, म्हंजे नाव बॉय, मानूस पन्नाशीचा, रानात जाऊन चिठ्ठ्या देनारा, त्यानं काँप्युटर खताच्या पोत्यात बांधून माळ्यावर ठिवलेला, उंदरं लागत्यात म्हनून. काढला, जोडला, नेटची तार न लावता चालू केला. आप्पांचं नाव आलं. कॅलेंडरवरचा पासवर्ड टाकला. फाईल समोर. मी तितंच खाली बसले नि रडले, दत्तूला काय कळंना, त्यो पानी आनाय पळाला.

जूनपतोरचं सगळं हुतं. म्होरचं चार म्हैन्यांचं बापू नि मी शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या घिऊन नऊ दिवस बसून भरलं. मोळी पडली, तोड चालू झाली, एकाचा बी क्रम चुकला न्हाई. साहेब खूश. मी म्हनले, साहेब, फाईल मिळाली, आता माझा तो कागद द्या की माघारी. साहेबांनी चष्मा काढला, म्हनलं, शालन, शिक्का पडलाय गं, नंबर पडलाय. आवक झालेला कागद मला काढता येत न्हाई. तासभर थांबली असतीस तर.

तासभर. आदी यादी केली असती नि मग कागद लिवला असता, तर आज मी पर्मनंट असते. रातीचं कवा कवा येतं मनात. पन तवा काय फाईल मिळनार म्हनून म्हाईत हुतं व्हय मला? मीटिंगला माझं नाव निघालं, शेरा पडला, तीन वर्सं अर्ज करता येत न्हाई. साहेबांचा तो टाईप केलेला कागद तेवडा फाडला त्यांनी, माझ्याम्होरंच.

वैशालीला ऑर्डर मिळाली. आप्पांच्याच टेबलाला बसती. पयल्या दिवशी मी तिच्या नावानं नवं खातं काढून दिलं, बापाची फाईल त्यात ठिवली, नि आप्पांचं नाव बंद केलं, तिच्याच हातनं बटन दाबाय लावलं. पोरगी गुनी हाय, काकू काकू करत पाठीमागं असती, बापासारकी फटकळ न्हाई. तिला त्या दोन कागदांतलं कायच म्हाईत न्हाई, नि सांगू बी नका. परवा म्हनली, काकू, तुमी इतकी वर्सं हायसा, सगळं तुमालाच येतं, मग तुमचं अजून कसं झालं न्हाई? मी म्हनले, हुईल की.

आता ठेक्यावरच्या मानसांचं मस्टर म्हैन्याच्या म्हैन्याला पर्मनंट मानसाकडनं तपासून घ्यायचं असतं, तसा नियमच हाय. आमच्या विभागाचं ते काम तिच्याकडं आलंय. म्हैनाअखेरीला मी माझं मस्टर घिऊन तिच्या टेबलाम्होरं उभी ऱ्हाते. ती उठून उभी ऱ्हाती, म्हनती, काकू बसा की, आनि मी बसते, नि ती सही करती. चांगली येती तिची सही. सुखी ऱ्हावं लेकरानं.