दोन थेंब तेल

...नाही, पण मला सांगा, तेलानं कधी कुणाचं वाईट झालंय का हो? एकतीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करतोय मी! तुम्हाला सांगतो, माझ्या हाताखालून गेलेली एक वस्तू कोरडी नाही. दाराच्या बिजागऱ्या, बायकोची कात्री, शेजाऱ्याची छत्री... तो शेजारी आला बोंबलत, "अहो, शर्टावर डाग पडले!" मी म्हटलं, "पण उघडते की नाही झटक्यात?"

तर गाडी. जुनी, पण पोटच्या पोरासारखी जपलेली. तिच्यासाठी धुऊन पुन्हा वापरायचा एअर फिल्टर आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, धुतला की वाळवा, वरून फक्त दोन थेंब तेल फिरवा." दोन थेंब? एवढ्या मोठ्या गाडीला? मलाच लाज वाटली हो! मी अर्धी बाटली ओतली. फिल्टर असा तृप्त दिसत होता म्हणून सांगू...

आणि आठवड्याभरात गाडी गचके द्यायला लागली. जरा उभी केली की थरथर, थरथर आणि खप्प! बंद. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर ना! कारण तेव्हा गाडी चालवत होती माझी मुलगी. तिला फिरत्या दवाखान्यात नोकरी लागलेली, अट एकच, महिनाअखेर लायसन्स हवं. पहिल्या परीक्षेत गाडी चढावर बंद. नापास. दुसऱ्या परीक्षेत वळणावर बंद. नापास. आणि मी कुंपणाबाहेरून गळा फाडून ओरडतोय, "क्लच हळू सोड! अगं, क्लच!" शेवटी परीक्षा घेणारे साहेब खिडकीतून म्हणाले, "काका, परीक्षा तुमची आहे का?"

घरी आल्यावर पोरीनं किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाली, "बाबा, मला नाही जमत हे. सोमवारी शेवटची संधी आहे, पण मी जातच नाही. नोकरीला नाही म्हणून कळवते." डोळे सुजलेले. आणि मी काय म्हणावं? "सराव कमी पडतोय तुझा." जीभ झडली कशी नाही माझी! बायको म्हणाली, "एकदा गाडी तरी दाखवा कुणाला." मी म्हटलं, "गाडीला काय धाड भरलीय?"

शेवटी बायकोनंच मुलीला गाडी घेऊन मेकॅनिककडे पाठवलं, मी शेजारी बसून, तोंडानं क्लच, क्लच. त्या मेकॅनिकला आम्ही मौनीबाबा म्हणतो. त्यानं फिल्टरपुढचा पाइप उघडला, अंगठ्याएवढा एक तुकडा काढला, आत केसाहून बारीक तार. माझ्या नाकाखाली धरला. "तेल कुणी घातलं?" मी छताकडे बघितलं. "हा सेन्सर इंजिनात किती हवा जाते ते मोजतो. त्यावर पेट्रोल ठरतं. फिल्टरवरचं तेल हवेबरोबर येऊन याला फासलं की हा काहीच्या बाही मोजणार आणि गाडी बंद पडणार." मी म्हटलं, "पण तेलानं कधी कुणाचं वाईट..." तो म्हणाला, "स्प्रेनं साफ होईल. घेऊन येतो. हात लावू नका."

हात लावू नका! मला! एकतीस वर्षं सुईच्या नाकाशी खेळलेल्या माणसाला! खिशात कान कोरायची कापसाची काडी होती, म्हटलं, तेवढंच त्याचं काम हलकं... टिच्.

मौनीबाबा आला, तारेकडे बघितलं, स्प्रेची बाटली फळीवर ठेवली. "आता नवाच." मग एकदम म्हणाला, "ही गाडी इथवर चालवत आणली कुणी?" मी बाहेर उभ्या मुलीकडे बोट केलं. "चांगली चालवते. अशा गाडीत मीही चढावर नापास झालो असतो."

काय सांगू... महिनाभर पोर स्वतःला नालायक समजत होती, आणि कारण माझी अर्धी बाटली! बाहेर जाऊन सगळं सांगितलं. ती माझ्या तेलकट बोटांकडे बघत राहिली. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी नवा सेन्सर बसला. दोन स्क्रू, एक प्लग, दहा मिनिटं! ज्यापायी पोर महिनाभर रडली ते दहा मिनिटांत! फिल्टरही साधा, कोरडा. मग परीक्षा. चढ, वळण, सगळं लोण्यासारखं. पास! कुंपणाबाहेर मी तोंडावर रुमाल धरून उभा, बायकोनंच धरायला लावला होता.

आता ती रोज कामाला गाडी नेते. बॉनेटच्या आत तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय, "बाबांनी हात लावू नये." परवा सुट्टी होती, म्हणाली, "चालवा आज तुम्ही." चौकात सिग्नल हिरवा झाला आणि... खप्प! मागे हॉर्नचा गोंधळ. मी म्हटलं, "सेन्सर..." मागून बायको म्हणाली, "नवा आहे." शेजारून लेक म्हणाली, अगदी शांतपणे, "बाबा, क्लच हळू सोडा."

मी म्हटलं, "नाही, पेडल जरा कोरडं वाटतंय..." तिनं नुसता हात पुढे केला.

दिली हो. खिशातली तेलाची बाटली काढून दिली. काय करणार?