हावळे वस्त्रभांडाराचं शटर

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी कनातीला टेकू नका, ते कापड आहे, भिंत नाही. धूळ येते म्हणून चारी बाजूंनी खाली सोडली म्हणे. बरं केलंत.

आज काल्याचं कीर्तन. सात दिवस जे फिरकले नाहीत तेसुद्धा आज पहिल्या रांगेत! का, ते मला माहीत आहे. येताना मीही आमटीची कढई बघूनच आलोय. मिळेल, सगळ्यांना मिळेल. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या.

नियम मोडायचा झाला, तर लपायचं कुणापासून?

बोला की! हे पुढचे काका म्हणतात — पोलिसापासून. शाबास. टाळकरी, तुम्ही हसू नका, तुमच्याही मनात तेच आहे. आता आख्यान ऐका, आणि उत्तर बदलायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल.

काल्याला देवाच्या लीला सांगायच्या असतात. मी आज माणसांच्या सांगणार आहे. लांबच्या नाहीत, ह्याच पेठेतल्या. करोनाचं दुसरं वर्ष. आठवतंय का? एकमेकांकडं बघू नका. आठवतंय तुम्हाला.

रोज एक आदेश! सात वाजता उघडा, अकराला लावा. किराणा चालू, चप्पल बंद. औषध चालू, कापड बंद. दुकानदारानं कुलूप लावावं, तर कळायचं की आज उघडायचं होतं. उघडावं, तर शिट्टी वाजवत गाडी दारात. आणि एक नियम तर असा काढला, की आजही आठवला की मी डोकं धरून बसतो. लग्नाला परवानगी — पंचवीस माणसं, दोन तासांत उरका. आणि कापडाचं दुकान बंद! अहो साहेब, नवरीनं नेसायचं काय? साखरेचं पोतं?

बघा, साहेबाला बोललो की कसे खुशीत मान हलवता. थांबा. आता आपल्याकडं येतो.

पेठेत अण्णाप्पाशेठ हावळ्यांचं वस्त्रभांडार. माणूस सरळ. दोन महिने दुकान बंद, गठ्ठ्यांना वास यायला लागलेला. अशात त्यांच्याकडं आले रंगराव खराडे. लेकीचं लग्न आठ दिवसांवर, आणि चेहरा असा की घरात मयत झालीय.

"काय झालं रंगराव?"

"शेठ, पंचवीसाची यादी करतोय चार दिवस. बारा त्यांचे, बारा आमचे, एक भटजी. सोनाआत्याचं नाव बसंना. तर ती सकाळपासनं उंबऱ्यावर बसलीया. म्हणती, तुला कडंवर घिऊन वाढवला, आन तुझ्या लेकीच्या लग्नात मी न्हाई?"

बरोबर आहे हो आत्याचं! पण सरकारच्या कागदावर आत्याचा रकाना नव्हता. मग रंगरावांनी तोड काढली. अशी तोड फक्त आपणच काढावी. ते म्हणाले, ज्यांचं नाव लग्नाच्या यादीत नाही, त्यांचा मान बस्त्याला करू!

आता बस्ता म्हणजे काय, हे लहान पोरांना सांगतो. लग्नाआधी दोन्हीकडच्या माणसांनी कापडदुकानात एकत्र बसायचं, आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं. चहा, रुसवेफुगवे, सगळं तिथंच. तर आत्या बस्त्याला. आत्या येते म्हटल्यावर मावशी. मावशी म्हटल्यावर तिकडच्या दोन काक्या, त्यांच्या सुना. झाली किती माणसं? चौतीस!

हिशेब बघा मंडळी. उघड्या माळावर मांडव, तिथं पंचवीस. आणि बारा बाय वीसच्या बंद दुकानात चौतीस. का? तर माळावरचं पोलिसाला दिसतं!

म्हणा विठ्ठल. मोठ्यानं म्हणा, मला राग आवरायचाय.

अण्णाप्पाशेठ आधी नको म्हणाले. मग म्हणाले, एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक, जाणार कुठं? दुपारी दोनची वेळ ठरली. एकेकानं मागच्या बोळातनं यायचं. समोरचं शटर पार खाली, सगळे आत आले की मागचं दारही बंद. बाहेर पायरीवर त्यांचा मेव्हणा, पुढ्यात कांद्याचं पोतं आणि पाटी — 'कांदे मिळतील'. कांदा कसा, अत्यावश्यक! त्या आठवड्यात भाजीला दिवसभर सूट होती. हवालदार आला, म्हणाला, दे दोन किलो. आता कापडदुकानात तराजू कुठला? मेव्हण्यानं ओंजळी मोजून दिले. हवालदार बघतच राहिला, पण घेऊन गेला.

हसा. मीही हसलो होतो.

आता आत चला. आत होता दत्तोबा ढोले. एकतीस वर्षं ह्याच गादीवर. गिऱ्हाईक दारात आलं की त्याला रंग कळायचा. साडी दाखवायची त्याची रीत तुम्ही सगळ्या बायांनी बघितलीय. घडी मोडायचा, निऱ्या स्वतःच्या कमरेला खोचायचा, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा, आणि उभा राहायचा. साठीचा माणूस, मिशा पिकलेल्या, अंगावर शालू. पण कुणी हसत नव्हतं. कारण तो उभा राहिला की साडी दिसायची, दत्तोबा दिसत नव्हता.

त्या दिवशी त्यानं चाळीसेक साड्या अंगावर घेतल्या. आणि दर साडीला सगळ्या जणी पुढं. पदर बघू. काठ बघू. हे जरीचं आहे का हो? तोंडापुढं तोंड. मास्क? होते की! सगळ्यांचे हनुवटीवर. आत्या म्हणाल्या, तोंड बांधून रंग कळंना.

तासाभरानं दत्तोबाला दम लागला. त्याला आधीपासून थोडा त्रास होता. तो म्हणाला, "शेठ, वारा न्हाई. शटर हातभर वर घिऊया."

शेठ म्हणाले, "पोलीस बघंल, दत्तोबा."

अर्ध्या तासानं परत म्हणाला. मावशी म्हणाल्या, "एवढा शालू ठरू दे."

तिसऱ्यांदा तो शेठना म्हणालाच नाही. तिथं एक मोठा माणूस बसला होता, गादीवर, लोडाला टेकून. ज्याचं सगळे ऐकतात असा. दत्तोबा त्याच्यापुढं वाकला. "तुमी तरी सांगा. हातभरच. तुमचा शब्द शेठ मोडायचं न्हाईत."

आणि तो मोठा माणूस म्हणाला, "आता दहा मिनिटांत उरकतंयच की दत्तोबा."

दहा मिनिटं म्हणता म्हणता अजून दीड तास गेला. शटर तसंच.

मग लग्न झालं. आणि काय लग्न झालं! पंचवीस म्हणजे पंचवीस. सहा फुटांवर रांगोळीची वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक पाहुणा, तोंडाला जरीकाठी मास्क. एक तास पन्नास मिनिटांत अक्षता, जेवण, बोळवण. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, असं गाव सगळ्या तालुक्यात नाही. फोटो काढून नेला त्यांनी. कागदावर आपण पास झालो मंडळी.

त्याच दिवशी दत्तोबाला ताप भरला.

रोग कुणी आणला? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मी नाव घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. त्या दुकानातल्या अकरांना झाला, दहा उठले. दत्तोबाला तालुक्याच्या दवाखान्यात खाट मिळायला दीड दिवस गेला. तिथून त्यानं शेठना फोन केला. धाप लागत होती. काय विचारलं असेल? मला का कोंडलंत, असं? नाही. त्यानं विचारलं, "शेठ, दुकान उघडायची परवानगी आली का? तो मोरपंखी शालू घडी न घालता राहिलाय."

चौथ्या दिवशी तो गेला. एकतीस वर्षं ज्यानं ह्या गावाला नेसवलं, त्याला आपण प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवलं.

आता लक्ष द्या. मयतीलाही नियम होता. माणसं किती? वीस. सरकारनं वीस जणांना परवानगी दिली होती. आले किती? चार. लेक, जावई, अण्णाप्पाशेठ नवं धोतर हातात घेऊन, आणि नगरपालिकेचा एक माणूस, तो पगारी. सोळा जागा रिकाम्या! लग्नाच्या यादीसाठी आत्या उंबऱ्यावर बसली होती. मावशी रुसली होती. ह्या यादीसाठी कुणी उंबऱ्यावर बसलं नाही. कुणी म्हणालं नाही, की माझं नाव का नाही.

 

अण्णाप्पाशेठ आज इथं बसलेत, त्या खांबापाशी. आख्यान सांगू का, म्हणून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, नाव घेऊन सांगा. ह्या गावात चूक आपली म्हणणारा तो एकच माणूस मला भेटला, म्हणून त्याच्याकडं वाकडं बघायचं नाही. समजलं? रंगरावही आहेत. त्यांच्या लेकीनं तो शालू त्या दिवसानंतर अंगाला लावला नाही.

आणि तो लोडाला टेकलेला मोठा माणूस? ज्यानं दहा मिनिटं म्हटलं?

हे उपरणं बघा. बस्त्यात महाराजांचाही मान असतो. हे मला दत्तोबानं घातलं, स्वतःच्या हातानं, त्याच दुपारी. त्याचे हात गरम लागले का, हे आठवायचा मी किती वेळा प्रयत्न केलाय. मला आठवत नाही. मी तेव्हा चहाच्या कपाकडं बघत होतो. पोथ्या वाचलेला माणूस मी, आणि मला एक वाक्य बोलता आलं नाही — शेठ, शटर उघडा, पोलीस आला तर मी बघतो. आणि त्या चौघांत पाचवा मी होतो का? नव्हतो. मी घरात बसून फोनवर कीर्तन करत होतो. विषय होता, दया.

म्हणून विचारतो. लपायचं कुणापासून? आम्ही पोलिसापासून इतके नीट लपलो, की रोगाला आत घेऊन वरून शटर ओढलं. नियम वेडे होते, पन्नासदा म्हणेन. साहेब चुकले, हेही म्हणेन. पण दत्तोबा जे मागत होता ते कुठल्या आदेशात नव्हतं. त्याला नुसता वारा पाहिजे होता. तो देणं आपल्या हातात होतं.

काका, तुमचं उत्तर बदललं का? नको, सांगू नका. घरी जाऊन स्वतःला सांगा. म्हातारा म्हणतो खिडकी उघड, सून म्हणते डास येतात. कामावरचा म्हणतो दमलोय, आपण म्हणतो एवढं उरकू दे. तिथं तुमच्यावर कुठला साहेब शिट्टी वाजवणार आहे?

झालं. हंडी फोडायची वेळ झाली. पण त्याआधी एक काम. मघापासून मागं एक आजी खोकताहेत आणि तुम्ही सगळे वळून वळून त्यांच्याकडं रागानं बघताय, कीर्तनात अडथळा म्हणून. मी चार वेळा पाहिलं आणि मीही बोलत राहिलो. बघा, मी अजून सुधारलो नाही.

ती मागची कनात वर घ्या. धूळ येऊ दे. अजून वर.

हां. आता म्हणा — विठ्ठल, विठ्ठल.